मामाच्या पाठीवरचं थिगळ

माझ्या मामाइतका श्रीमंत माणूस सिहोऱ्याच्या आसपास दुसरा नाही, आणि त्याच्याइतका चिक्कू तर अजून जन्माला यायचा आहे. राइस मिल आहे, तलावाखाली धानाची जमीन आहे, तरी उतार लागला की मामा स्कूटर बंद करतो आणि सपाटीवर ती थांबली की, "थोडं पायी चाललं त का बिघडलं?" म्हणत ढकलत नेतो. चहाची पत्ती तो वाळवून पुन्हा उकळतो आणि पाहुण्यालाच समजावतो, "पहिल्या पाण्याचा पेऊ नका, झोप उडते." एकदा त्याची एक चप्पल तलावात गेली. मामा उन्हाळ्यात तलाव आटेपर्यंत अनवाणी हिंडला आणि चिखलातून ती काढून त्याने जोडी पुरी केली. असा धीर मी तरी कोणात पाहिला नाही.

आजवर न बोललेली गोष्ट आता सांगतो. गावच्या मोबाइल ग्रुपवर गाजलेली कवडीशेठची व्यंगचित्रं माझी होती, टोपणनावाने टाकलेली. एका चपलेसाठी वाटीने तलाव उपसणारा, पाठीवर हिरवं थिगळ मिरवणारा कवडीशेठ पाहून गाव हसून लोळलं. मामाने मात्र आळ घेतला न्हाव्यावर, आणि तेव्हापासून तो स्वतःचे केस स्वतःच कापू लागला. आणि मी चित्रं टाकतच राहिलो.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. सत्तरीचा हा माणूस दर भेटीला माझ्यापुढे वाकायचा आणि माझे पाय भाजायचे. शेवटी मी चित्रं काढणंच सोडलं. यंदा धान निघाल्यावर गेलो आणि तो वाकायच्या आत त्याचे हात धरले. "मामा, कवडीशेठ मीच काढत होतो."

"मले ठाऊक हाय, भाचेबुवा."

त्याने कपाटाचं दार उघडलं. आत सगळी चित्रं चिकटवलेली होती. रंगीत छापून आणलेली. मामाने रंगीत छापून आणलेली!

"थिगळ सदऱ्याले हाय, वरच्या बंडीखाली रायते. बाहेरच्याले ते कसं दिसंल? तुमच्या मामीनं जाण्याच्या आधी लावलं होतं."

"मग न्हाव्यावर आळ कायले घेतला?"

"निमित्त बरं भेटलं होतं." मामाने एका चित्राचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "काढणं काहून बंद केलं तुमी? आता काढाल त थिगळ जरा लहान काढा. मामी कापड वाया घालवणारी नव्हती."

उद्या न्हाव्याकडे जाऊन माफी मागायचं मी मनाशी ठरवत होतो, तोवर मामा वाकला. घरात तो बंडी घालत नाही. पांढऱ्या सदऱ्यावरचं ते हिरवं थिगळ माझ्या अगदी समोर आलं.

खरंच लहान होतं.