जोरात सांगा ना, साहेब

माझी नोकरी वाचवली ती रोहणा गावच्या मावशीनं. काय झालं ते सांगतेच, पण आधी मावशी तुमच्या डोळ्यांपुढं यायला हवी. उजवा हात कानामागं, मान जराशी वाकडी, चेहरा अगदी भोळा, आणि बोलणं एकच : "जोरात सांगा ना साहेब, मले ऐकू येत नाई."

आर्वी रस्त्याला एका जिनिंगमध्ये आम्ही दोघी कामाला होतो. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांची तिथं रांगच होती. आवाज असा, की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानात शिरावं लागे. तेव्हा मावशीचे कान गेले असतील तर त्यात नवल नव्हतं. फक्त दुसऱ्या टोकाला कुणी तंबाखूची पुडी उघडली, तर ती मात्र तिला बरोबर ऐकू यायची.

मी सातवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन सांगलीकडून इतक्या लांब आलेली. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. इथलं 'मले-तुले' कानात बसेपर्यंत महिना गेला. साहेब नुसते समोरून गेले तरी माझ्या हातातला कापूस खाली पडायचा.

मावशीचं बहिरेपण नेमकं कधी वाढतं, ते हळूहळू माझ्या ध्यानात आलं. एकदा नव्या मुकादमानं पाण्याच्या माठावर दोन ग्लास ठेवले. एक सगळ्यांचा आणि एक ठरावीक जातींच्या बायांचा. मावशी त्यांतलीच. त्यानं तिला तसं तोंडातल्या तोंडात सांगितलं. मावशीचा हात कानामागं गेला.

"कोनता गिलास, भाऊ? काऊन? जोरात सांगा."

तो जरा मोठ्यानं बोलला. तिला ऐकू आलं नाही. आणखी मोठ्यानं बोलायचं तर कारणही सांगावं लागणार, आणि भोवती बाया काम टाकून उभ्या. मुकादमाला घाम फुटला. कोणताही घ्या, असं पुटपुटून तो निघून गेला. हे पुटपुटणं मावशीला पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

तुम्हीही पाहिलं असेल, असल्या गोष्टी माणसं नेहमी हळूच सांगतात.

मला पाचवा महिना लागला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मलाही हळूच सांगितलं. उद्यापासून येऊ नकोस, घरी आराम कर. आवाजात इतकी माया, की मी 'बरं' म्हणून त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते. खोलीचं भाडं माझ्या पगारावर निघतं, हे बाहेर आल्यावर आठवलं आणि रडू फुटलं.

मावशी एकदा कुणासोबत वर्ध्याच्या कामगार ऑफिसात जाऊन आली होती. कलम-बिलम तिला ठाऊक नव्हतं. पण बाई पोटुशी आहे म्हणून तिला काढता येत नाही, उलट बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते, एवढं तिनं पक्कं ऐकलं होतं.

"पण साहेब तसं म्हणतच नाहीत," मी म्हणाले. "ते आराम कर म्हणतात."

"म्हनतीन. लाईट जायची येळ होऊ दे."

त्या दिवसांत लोडशेडिंगमुळं दुपारी ठरल्या वेळी वीज जायची. त्याच्या जरा आधी ती मला घेऊन साहेबांच्या खोलीत शिरली. दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं. बाहेर यंत्रं धडधडत होती. हिले काऊन काढता, असं तिनं विचारलं. काम कमी आहे, साहेब म्हणाले. हात कानामागं. तब्येतीला जपायला हवं, साहेब मोठ्यानं म्हणाले.

"जोरात सांगा ना साहेब."

मी पदर तोंडात धरून जमिनीकडं बघत होते. आता दोघींनाही घरी पाठवणार, अशी माझी खात्री झाली होती. साहेब लाल झाले, उठले, टेबलावरून वाकून तिच्या कानाशी ओरडले, "अहो, ती पोटुशी आहे म्हणून काढतोय!"

'अहो'लाच वीज गेली. सगळी यंत्रं एकदम गप्प झाली, आणि उरलेलं वाक्य अख्ख्या आवारात घुमलं. बायांनी ऐकलं, हमालांनी ऐकलं, काट्यावर कापूस मोजून घेणाऱ्या शेतकऱ्यांनी ऐकलं, आणि तिथंच उभ्या असलेल्या जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनीही ऐकलं.

मावशीनं हात खाली घेतला. "आता आलं ऐकू," ती म्हणाली. "या साऱ्याइलेबी आलं. आता हेच वर्ध्याच्या साहेबाले सांगा."

शेठजी आत आले. कायद्याची भीती की लोकांची लाज, देव जाणे. मॅनेजरसाहेबांना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या : हिला नियमानं रजा द्या, आणि तुम्ही आधी पाणी प्या.

मला मुलगी झाली. मावशी तिला बघायला आली, पण बाळापेक्षा माझ्या बाजेकडंच जास्त पाहत राहिली. तिची चारही बाळंतपणं ऐन हंगामातली. दर वेळी काम सुटलं, आणि बारसं उरकताच ती कुठंतरी कापूस वेचायला उभी.

"काऊन वं सांगलीवाले," तिनं विचारलं, "पगारी बाजीवर पडून खायाले कसं वाटते?"

छान वाटतं, म्हणाले मी. ती कितीतरी वेळ हसत होती. मग उठून माझी भांडी घासून गेली.

पुढच्या हंगामात ती आली नाही. रोहण्याला जाऊन विचारलं. लेकीकडं गेली म्हणाले, पण कुठल्या गावच्या, ते कुणाला सांगता येईना. मी अजून विचारत असते. सापडली की तिला घरी आणणार आहे. बाजेवर निजवणार, अंगाला तेल लावणार, शेक देणार, डिंकाचे लाडू हातात ठेवणार, आणि सव्वा महिना पाय जमिनीला टेकवू देणार नाही, मग ती कितीही कुरकुरू दे. चार बाळंतपणं राहिली आहेत तिची. ती मी करणार.