भिंतीजवळची जागा

तारापूरच्या आमच्या जुन्या शाळेची दुरुस्ती करायला एक आर्किटेक्ट आले होते. मी तिथली मुख्याध्यापिका. गावात सगळे त्यांना चुनावाले साहेब म्हणत, कारण जुन्या भिंतीला ते सिमेंट लागू देत नसत. साठी उलटलेले, अबोल. भिंतीवर बोटाने टकटक करायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. डबा खाताना मात्र नातीबद्दल भरभरून बोलायचे.

काम संपत आलं तेव्हा एक कोळीण तरातरा आत आली. तिची मुलगी पहिलीत होती.

"ही शाला पाडून नवी बांधा," ती म्हणाली. "तुमची पोर बसवाल काय या भितीखाली?"

साहेबांनी कोपऱ्यातल्या भिंतीवर टकटक केली, डोळे मिटून आवाज ऐकला. मग हळूच म्हणाले, "आज नाही बसवणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झालेलं काम उकरायला लावलं. तो कोपरा पायापासून पुन्हा रचला. त्यात दोन महिने गेले.

शाळा भरली त्या दिवशी ते सहा वर्षांच्या नातीला घेऊन आले. तिला त्याच कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले. कोळीण बघत होती. तिने लेकीला पुढे केलं. "जा गो, बस तिच्याजवल."

साहेबांनी माझ्याकडे पाणी मागितलं. पेला हातात धरून ते त्या कोपऱ्याकडेच बघत होते.

मुलांनी झटपट उत्तर द्यावं म्हणून मी आयुष्यभर आग्रह धरला. 'हो' म्हणायला दोन महिने घेणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.