नामदेवरावांनी नाव सांगितलं नाही

नामदेवरावांना कोठीच्या बाजारात जायचं असलं की ते आधी भलत्याच वाटेनं अफझलगंजाकडे वळायचे. मागे कुणी लागलंय का ते बघायचं आणि मगच खरी वाट धरायची. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली, शाळेत मास्तरकी लागली, तरी गड्याची मागे वळून बघायची खोड काही जाईना.

१९५६ साली, राज्याची भाषेप्रमाणे वाटणी व्हायला महिना उरला असताना, मुंबईहून यशवंत नावाचा तरुण कॅमेरा घेऊन आला. निजामाच्या पोलिसांनी नामदेवरावांना एकोणीस दिवस मारलं होतं. ती हकिगत त्यांच्याच तोंडून त्याला पडद्यावर आणायची होती. नामदेवरावांनी त्याला आडनाव, गाव, मामाचं नाव तीन-तीनदा विचारलं. कॅमेऱ्यावरचं काळं फडकं उचलून पाहिलं. नवं सरकार येतंय, मग जुनं उकरायची कुणाला एवढी हौस?

ते तयार झाले ते केवळ तारामतीबाईंसाठी. निजामाविरुद्ध भूमिगत असताना दोन महिने ते या विधवेच्या घरी लपले होते. आसरा देणाऱ्याचं नाव मेलं तरी घ्यायचं नाही, हा भूमिगतांचा नियम. त्यापायीच सगळा मार खाल्ला. गल्लीला मात्र दिसला तो विधवेच्या घरातला परका पुरुष. त्यावरून त्यांच्या लेकीचं, कमलचं लग्न दोनदा मोडलं.

"भाऊ, एकदा सगळ्यांसमोर बोलून टाका ना जी," एवढंच तारामतीबाईंचं मागणं. चित्रीकरणाच्या दिवशी त्या लेकीला घेऊन समोर येऊन बसल्या होत्या.

माराचं सगळं सांगून झालं. "लपला कुठे होतात?" यशवंतनं विचारलं. त्याच्या शेजारी जबानी उतरवून घ्यायला बसलेल्या लेखनिकानं पेन्सिल सरसावली. "घराचा नंबर?"

निजामाच्या ठाण्यातल्या अमीनानं, म्हणजे फौजदारानंही अशीच पेन्सिल धरून हेच विचारलं होतं.

"घरबिर नाही. रानात होतो."

तारामतीबाई उठल्या. "लिहा साहेब, घर माझं होतं. दोन महिने मी यांना जेवू घातलं, भाऊ म्हणून."

लेखनिकानं लिहून घेतलं आणि नामदेवरावांकडे पाहिलं. "खरं आहे?"

हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पेन्सिल अजून कागदावर टेकलेली होती.

"या बाईंना मी ओळखत नाही," ते म्हणाले.

जीव जावा इतकी लाज वाटली त्यांना, पण शब्द मागे घेता येईना. लेखनिकानं ती ओळ खोडली. कमलनं आईची पिशवी उचलली आणि आईला धरून बाहेर नेलं.