तळाशी बसतं ते

आई गेली तेव्हा मी अरबी समुद्रात होते, किनारा कित्येक दिवसांच्या अंतरावर. समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास हे माझं काम. वजन लावलेली लांब पोलादी नळी जहाजावरून खाली सोडायची. ती तळात रुतते, आणि वर ओढली की आत हजारो वर्षांचा गाळ थराथराने उभा असतो.

त्या दिवशी नळी नुकतीच डेकवर आली होती. जहाजाच्या फोनवर भाऊ होता.

"ताई, आई गेली. सकाळी चहा करता करता."

जहाज वळवता येणार नव्हतं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "केबिनमध्ये पड जरा." पण तिथे एकटी काय करणार होते? मी म्हटलं, "नको. नळी मी उघडते."

नळी उभी चिरली. आतला बहुतेक गाळ फिकट, लोण्यासारखा मऊ. वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात, त्यांची कवचं सावकाश खाली उतरत राहतात. बोटभर थर साठायला हजारभर वर्षं लागतात. मध्येच एक काळपट पट्टा होता. खाली जाड वाळू, वर बारीक होत गेलेली माती. कधीकाळी भूकंपाने किनाऱ्याकडचा उतार हादरला असणार. तिथला गाळ सुटला आणि लोंढ्यासारखा धावत खोल समुद्रात येऊन पसरला. त्याच्यावर पुन्हा तीच संथ कवचं, जणू काही झालंच नव्हतं. त्या पट्ट्याची जाडी मोजताना मला रडू फुटलं. बाजूच्या दोघांनी मान वर केली नाही.

पिंप्राळ्याच्या घरी पोचले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. भाऊ पुण्याला परतला होता. वडील, आमचे आबा, पुढच्या खोलीत एकटेच बसले होते. दीपनगरला वीजकेंद्राच्या घरघरीत जन्म काढलेला माणूस, घरातल्या शांततेची सवय नसलेला. मी त्यांच्यासाठी पोळ्या केल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "समुद्राच्या तळाशी असतं तरी काय गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हे विचारलं होतं. मी कवचांचं सांगितलं, वाऱ्याने नेलेल्या धुळीचं सांगितलं. नद्या माती नेतात, आपली तापीसुद्धा नेते, म्हटलं.

त्यांनी ताटं एकात एक ठेवली. मग म्हणाले, "चांगदेवला तापीच्या संगमावर अस्थी सोडल्या. म्हणजे ती तिथवर पोचेल?"

हो म्हणणं सोपं होतं. पण आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"मध्ये हतनूरचं धरण आहे, आबा. पुष्कळसा गाळ तिथेच बसतो."

"म्हणजे हतनूरलाच?"

"बहुतेक."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं मग. तिथे एसटीने जाता येतं."

आता ते मधूनमधून भुसावळमार्गे धरणावर जातात. काठावर बसतात, उन्हं कलायच्या आत परततात. मला सुट्टी मिळाली की मीही जाते. एरवी प्रयोगशाळेत गाळाच्या नळ्यांमध्ये असते. कधी दुपारी फोन वाजतो.

"आज पाणी गढूळ आहे," आबा सांगतात, आणि मग दोघंही थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतो.