नाव नसलेली साक्ष

ऑफिसात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. साहेबलोक म्हणत, शिपाई म्हणत, आणि पुढे पुढे घरी फोन आला तर तीही सांगायची, "हो, स्टेनोबाईच बोलतेय." सव्वीस वर्षं तिनं सरकारी समित्यांपुढे बसून लोकांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवलं होतं. भेसळीची समिती, पडलेल्या पुलाची समिती, शाळांच्या वेळांची समिती. समोरचा रडला तरी तिची पेन्सिल थांबत नसे आणि भांडला तरी घाई करत नसे. कान आणि हात यांच्या मधे आपण नसायचं, एवढंच या कामातलं गुपित आहे असं ती म्हणे. ते तिला इतकं साधलं होतं, की संध्याकाळी नणंदेनं विचारलं, "आज काय झालं हो तिकडे?" तर तिला खरोखरच आठवत नसे.

नवरा गेल्यापासून घरात ती आणि नणंद, दोघीच. नणंद लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. रेडीमेड कपड्यांच्या एका दुकानासाठी ती घरीच मशीनवर बसून पँटी आखूड करायची, चेन बदलायची, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. वहिनी अबोल आणि नणंद बोलघेवडी, म्हणून संसार बरा चालला होता.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना स्टेनोबाईच्या वाट्याला ती समिती आली. प्रश्न एका ओळीचा होता: देशातल्या प्रत्येक माणसाच्या आजारपणाचा भार सरकारनं उचलावा की नाही. उत्तर द्यायला पाच सदस्य आणि नऊ दिवसांची सुनावणी. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये लांब टेबल, मधे माइक, समोर साक्षीदाराची एक खुर्ची आणि बाजूला स्टेनोबाईचं छोटं मेज. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या उजवीकडे एक डॉक्टरीणबाई बसत. त्यांचं म्हणणं, दवाखान्याच्या दारात माणसाला 'तू कोण' असं विचारणंच चूक. डावीकडे एक अर्थतज्ज्ञ. ते शांतपणे म्हणत, "सगळ्यांना सगळं देऊ म्हणणं सोपं आहे. रांग लांबेल, डॉक्टर तेवढेच राहतील, आणि ज्याला आज खरी गरज आहे तो रांगेत मागे ढकलला जाईल." माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येक साक्षीदाराला ते नेमका अडचणीचा प्रश्न विचारत, पण आवाज कधी चढवत नसत.

तीन दिवस हे असं चाललं. एक दुकानदार येऊन सांगून गेला, की मी कधी आजारी पडत नाही, माझ्या करातून दुसऱ्यांचं दुखणं कशाला? एका नर्सनं सांगितलं, लोक आमच्याकडे येतात ते बाकी सगळे उपाय संपल्यावर, शेवटची चिठ्ठी घेऊन आल्यासारखे येतात. स्टेनोबाईनं दोघांनाही सारख्याच वळणात उतरवलं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, एक बाई साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेली होती. ती आली कधी, हे स्टेनोबाईला कळलं नाही. राखाडी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. अध्यक्ष म्हणाले, "बोला."

"मी लॉन्ड्रीत काम करते," बाई म्हणाली. "हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री मारते. हॉस्पिटलची नाही, ठेकेदाराची माणूस आहे. म्हणून माझं उपचाराचं कार्ड नाही."

स्टेनोबाई लिहीत होती. बाई सांगत होती, की काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली. आंघोळ करताना लागली. सुपरवायझर म्हणाला, वर्षभरानं कायम करू, मग कार्ड मिळेल. वर्षभरात गाठ लिंबाएवढी झाली. आणि मग स्टेनोबाईच्या लक्षात आलं, की हॉलमध्ये आवाज नाही आणि आपली पेन्सिल मात्र चालू आहे. बाई श्वास घ्यायला थांबली होती. स्टेनोबाईनं खाली वहीकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'थांबू म्हटलं. थांबायला काही पैसे पडत नाहीत.'

बाईनं श्वास घेतला आणि म्हणाली, "थांबू म्हटलं. थांबायला काही पैसे पडत नाहीत."

हे सांगताना ती अध्यक्षांकडे बघत नव्हती. स्टेनोबाईकडे बघत होती, आणि तेही ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, जरा थकून. स्टेनोबाईनं पेन्सिल उचलून धरायचा प्रयत्न केला. हात मात्र थांबेना. पुढची चार-पाच वाक्यं तो असाच एक पाऊल पुढे चालत राहिला, आणि बाई मागून ती उच्चारत गेली. मग ती उठली, पिशवी सावरली आणि गेली. अर्थतज्ज्ञांनी एकही प्रश्न विचारला नाही. अध्यक्ष म्हणाले, "पुढे."

सुनावणी संपल्यावर स्टेनोबाईनं साक्षीदारांची यादी काढली. दुपारच्या पहिल्या जागी एका औषधविक्रेत्याचं नाव होतं, आणि तो आलाच नव्हता. तिनं रेकॉर्डिंग ऐकलं. अध्यक्षांचं 'बोला' स्पष्ट होतं. त्यानंतर चार मिनिटं काहीच नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. कागदावर पेन्सिल चालल्याचा खरखर आवाज होता, मधे न थांबता. मग 'पुढे'.

दाराशी असणाऱ्या शिपायाला तिनं विचारलं, "दुपारी आलेली बाई कुठली होती हो?"

"ती म्हातारी ना? माझ्या आईच्या वयाची असेल. काठी टेकत गेली बघा."

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "फार लहान होती हो. विशीची पण नसेल. मला राहून राहून तिचा चेहरा आठवतोय." स्टेनोबाईला तर ती चाळिशीच्या आसपासची दिसली होती. अर्थतज्ज्ञ कोट चढवत होते. त्यांनाही तिनं विचारलं. ते जिन्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मला ती माझ्या बहिणीसारखी वाटली. म्हणून काही विचारलं नाही. माझी बहीण आता नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळघरातल्या दप्तरखान्यात गेली. कशासाठी ते तिला धड सांगता आलं नसतं, पण हाताला जे पाठ आहे ते हातानं कधीतरी लिहिलेलं असणार, एवढं तिला कळत होतं. नोकरीला लागली तेव्हाची तिची पहिलीच समिती याच प्रश्नावर होती. दप्तरी बाबांनी शिडी लावून गठ्ठा उतरवून दिला. तिच्या त्या वेळच्या गोल, भित्र्या अक्षरातली वही तिला सापडली. लॉन्ड्री. चादरी. वाटाण्याएवढी गाठ. शब्दाला शब्द तोच. पानावर तिरकी लाल रेघ आणि तेव्हाच्या सचिवांचा शेरा: 'साक्षीदाराचे नाव उपलब्ध नाही. वगळावे.' खाली, 'वगळले' असं लिहून सही. सही तिचीच होती.

ती तिथेच लोखंडी स्टुलावर बसली. तिला आठवलं. नोकरी पक्की व्हायची होती. सचिव म्हणाले होते, नाव नाही म्हणजे माणूस नाही, आणि तिनं मान डोलावली होती. बाईचा चेहरा मात्र तिला काही केल्या आठवेना.

"सापडलं का?" दप्तरी बाबांनी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. शब्द दुसऱ्याच कुणीतरी उच्चारल्यासारखा वाटला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. स्टेनोबाई भांडी विसळत होती आणि नणंद मशीनवर. मशीनचा आवाज मधेच थांबे, पुन्हा सुरू होई, पुन्हा थांबे. तिनं हात पुसत डोकावून पाहिलं. नणंद उजवा हात वर उचलू बघत होती आणि ओठ आवळून खाली घेत होती.

"काय झालं हो वन्सं?"

"काही नाही. खांदा धरलाय."

"खांदा की काख?"

नणंद एकदम गप्प झाली. बोलघेवडं माणूस गप्प झालं की घर केवढं मोठं वाटतं. मग ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कधीपासून आहे?"

"झाले सात-आठ महिने. लहान आहे हो. तुमची निवृत्ती होऊ दे, पैसे हातात येतील, मग बघू. तोवर थांबू म्हटलं." तिनं दोरा ओवायला सुई उजेडात धरली. "थांबायला काही पैसे पडत नाहीत."

स्टेनोबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. आवाज नणंदेचाच होता, पण ते वाक्य ती स्वतः बोलत नव्हती, तर पलीकडून कुणीतरी तिच्या तोंडून बोलत होतं, असं स्टेनोबाईला वाटलं. खोलीत ऊन होतं, पंखा फिरत होता, शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता. तरीही तिला पाठीमागे वळून बघायचा धीर झाला नाही.

सोमवारी ती नणंदेला घेऊन सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात गेली. खिडकीतल्या मुलीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"पेशंट तुमच्या कोण?"

"नणंद. आम्ही एकत्र राहतो. बारा वर्षं झाली."

"कुटुंबात नवरा, मुलं, आईवडील येतात, बाई. फार तर सासूसासरे. नणंद बसत नाही." मुलगी चांगली होती. तिनं नियमांचा कागदच बाहेर सरकवला. "मी बसवलं असतं हो. पण कॉम्प्युटर नातं विचारतो, आणि यादीत नणंद हा शब्दच नाही."

"जाऊ दे, वहिनी," नणंद मागून म्हणाली. "उगाच वेळ जातोय. पँटी द्यायच्यात उद्या."

त्याच दुपारी समितीच्या सचिवांनी स्टेनोबाईला बोलावलं. टाइप केलेली प्रत त्यांच्या पुढ्यात होती. "ही चौथ्या दिवसाची साक्ष. रेकॉर्डिंगमध्ये नाही, यादीत नाही, नाव नाही. वगळून टाका."

"नाही वगळत, साहेब."

सचिवांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत या बाईला त्यांनी 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. "अहो, पुरावा काय याचा?"

"माझी वही."

नवव्या दिवशी, शेवटचा साक्षीदार उठून गेल्यावर, स्टेनोबाईनं पेन्सिल खाली ठेवली आणि जाऊन साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. कुणाला काही कळेना. खुर्ची थंड होती, आत्ताच माणूस उठून गेला असूनही. "लिहिणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं. सचिवांनी मुकाट्यानं कागद ओढला.

तिनं आधी जुन्या वहीतली साक्ष वाचली, मग चौथ्या दिवसाची. दोन्ही सारख्याच, म्हणून ऐकणाऱ्यांना ती एकच साक्ष दोनदा वाचतेय असं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मग तिनं सांगितलं, "सव्वीस वर्षांपूर्वी ही मी खोडली. माझी नणंद घरी आहे. तिलाही गाठ आहे. तीही हेच म्हणते."

अर्थतज्ज्ञ पुढे झुकले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. "बाई, तुमच्या नणंदेला सामावून घेतलं, तर उद्या प्रत्येकाच्या नणंदेला घ्यावं लागेल."

"हो, साहेब," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या."

"आणि रांग?"

"रांग आत्ताही आहेच. ती घराघरांत बसलीय, म्हणून दिसत नाही."

अर्थतज्ज्ञांनी टेबलाची कड सोडली आणि ते खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिले. सचिवांनी नंतर आपले कागद तिला टाइप करायला दिले. स्वतःचं बोलणं टाइप करताना तिला एकेक अक्षर शोधावं लागलं.

पुढे झालं ते असं. तीन विरुद्ध दोन मतांनी समितीनं शिफारस केली, की सर्वांना संरक्षण द्यावं. अर्थतज्ज्ञांनी विरोधात अकरा पानांची टीप जोडली. पण निनावी साक्ष छापायचीच, असा आग्रह धरला तो त्यांनीच. सचिव कुरकुरले, पण ती छापली गेली, नावाच्या जागी एक आडवी रेघ देऊन. अहवाल सभागृहात मांडला गेला, तिथून अभ्यासासाठी दुसऱ्या खात्याकडे गेला, आणि अजून तिथेच आहे.

नणंदेला स्टेनोबाईनं सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे कार्ड लागत नव्हतं, पण शस्त्रक्रियेची तारीख लागत होती. ती सात आठवड्यांनी मिळाली. ते सात आठवडे स्टेनोबाई रोज सकाळी रजेचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवायची, आणि बोलावणं आलं नाही की फाडून टाकायची. शस्त्रक्रियेनंतर सर्जन म्हणाले, "वाचल्या. पण आधी यायला हवं होतं. का थांबलात?"

नणंदेचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मशीनवर ती अर्धा दिवस बसते, आणि उरलेला अर्धा दिवस बोलते. स्टेनोबाई निवृत्त झाली. गल्लीतले लोक दवाखान्याचे फॉर्म घेऊन तिच्याकडे येतात. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की माणूस खिडकीतून परत फिरवला जात नाही, ते तिला ठाऊक आहे. प्रत्येकाला ती आधी पूर्ण नाव विचारते, आणि दोनदा लिहून घेते.

दुपारी नणंदेचा डोळा लागला की ती खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. बोलणं बंद झालेलं घर तिला सोसत नाही. नणंदेची छाती वर जाते, खाली येते. स्टेनोबाई बघत राहते, आणि तिची उजव्या हाताची बोटं शॉर्टहँड लिहिल्यासारखी आपोआप हलत असतात.