बर्फाचे टायर, चिखलाचे टायर

पाववाल्या काकूंनी गाडी हातात घेतली ती हौसेने नव्हे, तर काकांचा उजवा हात थरथरायला लागला म्हणून. आधी बशीवर चमचा वाजायला लागला. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला आणि काका म्हणायला लागले, की हल्ली शिंपी काजं लहान करतात. शेवटी एकदा घाटाच्या वळणावर त्यांचा हात गिअरवरून निसटला, गाडी क्षणभर मोकळीच धावली आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि सांगितलं, गाडी आता बंद. काका घरी आले, किल्ली बेकरीच्या काउंटरवर ठेवली आणि भट्टीच्या खोलीत जाऊन उगाचच कोळसे उकरत बसले.

बेकरी डोंगराच्या पायथ्याशी. पुढे दुकान, मागे भट्टी, वर दोन खोल्या. लेक लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. दुकानावर गिऱ्हाईक बेताचं. खरा धंदा वरचा. डोंगरावर दगडाची खाण, खाणीच्या पुढे वरची वस्ती, वस्तीत छोटा दवाखाना. रोज पहाटे भाजलेला पाव सकाळी वर पोचायचा. त्यासाठी काकांची जुनी, उंच, चारही चाकं ओढणारी गाडी होती. मागची बाकं काढून तिथे पावाच्या ट्रेची मांडणी केलेली.

या रस्त्याने काकांना ‘चिखल्या’ हे नाव दिलं होतं. बर्फ वितळायला लागला, की खाणीच्या पुढचा कच्चा रस्ता लापशीसारखा व्हायचा. भल्याभल्यांच्या गाड्या तिथे रुतून बसायच्या आणि काकांची मात्र घरंगळत, डुलत पार व्हायची. लोक ‘चिखल्या आला रे’ म्हणायचे आणि काका हॉर्न वाजवून नमस्कार घ्यायचे.

उन्हाळाभर त्यांनी काकूंना गाडी शिकवली. म्हणजे काकू शिकल्या आणि काका ओरडले. ‘अगं क्लच! क्लच म्हणतोय मी!’ हे इतक्या मोठ्याने, की वाटेवरच्या निम्म्या लोकांना बसल्या जागी गाडी चालवता आली असेल. काकूंनी ते मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी प्रत्येक वळण डोळ्यांनी चालवलंच होतं. आता पायांना सवय लावायची होती, एवढंच. थंडीच्या तोंडावर मात्र टायरवरची नक्षी पार झिजून गेली होती. बोट फिरवलं तर खाच लागायची नाही.

‘टायर घ्यायला मी येतो,’ काका म्हणाले. ‘त्यातलं तुला काय कळणार?’

‘या की,’ काकू म्हणाल्या. ‘पण चालवायचं मला आहे, एवढं लक्षात असू द्या.’

टायरचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दाराशी पंक्चर शोधायची पाण्याची टाकी, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर, आणि छतापर्यंत रचलेल्या टायरांचा तो नाकात बसणारा वास. टायरवाला काकांचा जुना ओळखीचा. त्याने दोघांना बसायला टायरच दिले, एकावर एक रचून, वर फळी टाकून.

काकांनी बसण्याआधीच बोट दाखवलं. ‘ते. ते काढ.’

ते चिखलाचे टायर होते. मोठाले, राकट ठोकळे, मध्ये खोल फटी. बघूनच वाटावं, की डोंगर कुरतडत वर जातील. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी डाव्या हाताने टायर थोपटला, बैलाची पाठ थोपटावी तसा.

‘दादा, चिखलाला याच्यासारखं दुसरं नाही,’ टायरवाला म्हणाला. ‘फटी मोठ्या आहेत, चाक फिरलं की चिखल आपोआप फेकला जातो. पण बर्फावर...’ त्याने हात हलवला. ‘याचं रबर कडक. थंडी पडली की आणखी कडक होतं. ताज्या बर्फात ओढेल, पण घट्ट गोठलेल्या बर्फावर हे ठोकळे पाटासारखे घसरतात.’

‘मग बर्फाला काय?’ काकूंनी विचारलं.

त्याने दुसरा टायर गडगडत आणला. हा दिसायला साधा, अंगाने जरा अरुंद. नक्षीवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा. बाजूला डोंगराचं चित्र आणि त्यात हिमाचं फूल कोरलेलं. ‘हे चिन्ह असलेला टायर बर्फावर तपासलेला असतो. याचं रबर थंडीतही मऊ राहतं. या चिरा उघडतात आणि बर्फाला धरून ठेवतात.’

काकूंनी पदर खोचला आणि खाली बसून आधी एका टायरवर अंगठा दाबला, मग दुसऱ्यावर. रोज पहाटे कणीक फुगली की नाही हे त्या अशीच बघायच्या. पहिल्याने अंगठा परतवून लावला. दुसरा किंचित दबला.

‘दुधाचे दात आहेत ते,’ काका म्हणाले. ‘चिखलात घातलेस तर दोन फेऱ्यांत भरून जातील. मग गुळगुळीत. जागच्या जागी फिरत बसशील.’

‘ते खरं आहे, वहिनी,’ टायरवाल्याने मान्य केलं. दोन्हीच्या मधला एक प्रकार असतो, थोडं चिखलात, थोडं बर्फात चालणारा, असंही त्याने सांगितलं. पण त्यांच्या गाडीच्या मापात तो यायला निदान महिना जाणार होता. आणि सकाळी गाडीच्या काचेवर गोठलेलं दव तर आताच खरवडावं लागत होतं.

‘मग असं करू,’ काका म्हणाले. ‘मागे माझे लाव, पुढे हिचे. दोघांचंही राहील.’

टायरवाला हसला नाही. ‘दादा, तसं नाही करता येत. पुढची चाकं बर्फ धरतील आणि मागची सोडून देतील. उतारावर गाडी गर्रकन फिरेल. चारही एकसारखेच हवेत.’

दोन्ही जोड एकदम घेण्याची ऐपत नव्हती. काकूंनी दोन्ही टायरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘अहो, चिखलात अडकलो तर पाव उशिरा पोचेल. बर्फावर घसरलो तर आपणच पोचायचे नाही. हे मऊ द्या.’

टायरवाल्याने चारही मऊ टायर चढवले. परतताना काकू विचारत होत्या, ‘हीटर लावू का? थंडी वाजते का?’ आणि काका खिडकीबाहेर बघत होते.

घरी अबोला सुरू झाला. म्हणजे काका बोलायचे, पण मांजराशी. ‘स्वयंपाक झाला असेल तर आम्हाला वाढा म्हणावं.’ काकूंनी आधी हसण्यावारी नेलं, मग त्यांनाही राग आला. शेवटी एका दुपारी काउंटर पुसता पुसता त्यांनी फडकं आपटलं. ‘चार टायरांवरून किती दिवस तोंड वाकडं करून बसणार आहात?’

काका खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि त्यावर डावा दाबून धरलेला. ‘टायरांचं नाही गं,’ ते म्हणाले. ‘गाडी गेली. सह्या तू करतेस. दाढीसुद्धा आता न्हाव्याकडे. म्हटलं, निदान चाकं तरी आपल्या मनासारखी असतील. शेजारी बसलो तरी वाटेल, की ही आपलीच गाडी आहे.’

हे दुकानात कळलं असतं तर आपण काय केलं असतं, असा विचार काकूंच्या मनात आला. आणि तरी मऊच घेतले असते, हेही त्यांना कळत होतं. त्या त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. थोड्या वेळाने काका म्हणाले, ‘भट्टीतला पाव करपतोय,’ आणि दोघंही उठले.

बर्फ पडला, वितळला आणि पुन्हा गोठला. त्या सकाळी रस्ता काचेसारखा झाला होता. पाव वर पोचवून गाडी रिकामी उतरत होती, काका नेहमीसारखे शेजारी. खाणीच्या खालच्या उतारावर वळण घेताच काकूंना खाली रस्त्यात आडवी झालेली गाडी दिसली. ती खाणीच्या मुकादमाची; मागची चाकं शेजारच्या चरात गेली होती आणि तो स्वतः बाहेर उभा राहून दोन्ही हात हलवत ‘थांबा, थांबा’ करत होता. त्याच्या गाडीला तेच राकट ठोकळ्यांचे टायर होते.

काकूंचा पाय घाबरला नाही. ब्रेकवर त्यांनी तो हळूच टेकवला, सोडला, पुन्हा टेकवला. गाडी थोडी सरकली, मग चाकांखाली कुरकुर झाली आणि ती मुकादमाच्या अलीकडे चांगलं अंतर ठेवून उभी राहिली. काकूंनी शेजारी बघितलं. काकांनी दाराच्या वरची मूठ घट्ट धरली होती. त्यांनी ती सोडली.

‘उतर,’ ते म्हणाले. ‘त्या माणसाला दोर दे.’ आणि मग, ‘बरी थांबवलीस.’

मांजराची मध्यस्थी त्या दिवसापासून बंद झाली.

पण हिवाळा काही कायम राहत नाही. बर्फ पाणी व्हायला लागला आणि खाणीच्या पुढचा रस्ता आपल्या वळणावर गेला. काका रोज सकाळी म्हणायचे, ‘आज जपून.’ काकू म्हणायच्या, ‘तुम्ही आहात ना.’ आणि एके दिवशी व्हायचं ते झालंच. मऊ टायरांच्या बारीक चिरा चिखलाने लिंपून गेल्या. चाकं घोटल्यासारखी गुळगुळीत झाली. काकूंनी जोर दिला, तशी गाडी आणखी खाली बसली.

‘पाय काढ!’ काका ओरडले. ‘खड्डा खणतेयस तू!’

काकूंनी गाडी बंद केली. आता काकांचं ‘मी सांगितलं नव्हतं?’ ऐकावं लागणार, म्हणून त्यांनी मनाची तयारी केली. पण काका दार उघडून खाली उतरले होते. गुडघाभर चिखलात उभे राहून ते चाकांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी कामावर आल्यासारखे ते दिसत होते.

‘हवा सोडायची,’ ते म्हणाले. ‘चाक पसरलं पाहिजे, चपटं झालं पाहिजे. चपटं चाक चिखलावर चालतं, फुगलेलं आत घुसतं.’ ते वाकले आणि त्यांनी वॉल्व्हची टोपी धरली. हात थरथरला. टोपी बोटांतून निसटून चिखलात पडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

काकू शेजारी येऊन वाकल्या. ‘सांगा. मी करते.’

‘खिळ्याचं टोक लाव. आवाज ऐक. अजून... अजून... बस. आता पुढचं चाक.’

चारही चाकांची हवा उतरली. मग त्यांनी खाणीवर पाव उतरवून रिकामे झालेले ट्रे मागितले. काकूंनी तोंड वाकडं केलं, कारण ते ट्रे त्या रोज गरम पाण्याने धुवायच्या, पण एकेक करून चाकांपुढे दाबून बसवले. ‘आता दुसरा गिअर,’ काका बाहेरून म्हणाले. ‘पहिला नको, चाक फिरेल. स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, हलवत राहा. आणि थांबू नकोस. काही झालं तरी थांबू नकोस. मी मागून येतो.’

गाडीने एक हिसका दिला, ट्रे कडकडले, आणि मग ती बदकासारखी डुलत निघाली. काकू थांबल्या नाहीत. कडक जमिनीवर पोचल्यावरच त्यांनी मागे बघितलं. काका दोन फुटके ट्रे बगलेत घेऊन, चिखल तुडवत येत होते आणि हसत होते. पायपंपाने हवा त्यांनीच भरली. पाय त्यांचा ठणठणीत होता.

वस्तीत पाव उशिरा पोचला. दवाखान्याच्या दारात परिचारिका वाटच बघत होती. ‘काका, खाणीचा ट्रकही तिथेच रुतलाय म्हणे. तुम्ही कसे आलात?’

काकूंनी काकांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः बेकरीत आला. खाणीचे दोन ड्रायव्हर नवे आहेत, चिखलाचे दिवस संपेपर्यंत काका त्या रुतणाऱ्या टप्प्यावर उभे राहतील का, असं त्याने विचारलं. काकांनी विचार करतो म्हटलं आणि मुकादमाची पाठ वळते न वळते तोच गमबूट शोधायला लागले.

तेव्हापासून चिखल वाळेपर्यंत काका रोज सकाळी काकूंबरोबर वर जात आणि त्या टप्प्याशी उतरत. हातात काठी घेऊन ते ड्रायव्हरांना कुठून जायचं, किती हवा सोडायची, कुठे अजिबात थांबायचं नाही, ते दाखवत. काठी धरली, की हाताचं थरथरणं फारसं दिसायचं नाही. टायरवाल्यानेही एकदा तिथून जाताना थांबून ऐकलं, आणि पुढच्या वर्षासाठी तो मधल्या प्रकारचा जोड मागवून ठेवतो म्हणाला. ‘आधी वहिनींना विचार,’ काका म्हणाले. ‘चालवते ती.’

काकू डोंगर उतरताना त्यांना घ्यायला थांबायच्या. ते आत बसायचे आणि सबंध उतारभर कोण कुठे कसा चुकला ते सांगत राहायचे. काकूंना त्यातलं बरंचसं आता माहीत होतं. तरी त्या प्रत्येक वळणावर विचारायच्या, ‘मग? मग त्याने काय केलं?’