बायाआजींच्या चपला

काल पनवेलच्या मंडईत गवती चहाची जुडी घेतली आणि त्या वासाने मला पंधरा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी नेऊन उभं केलं.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आश्रमासाठी मी शेतबाग आखली होती. कमरेइतके उंच वाफे, वाटांना कठडे, कडेने गवती चहा. कुणाला वाकावं लागू नये, कुणी पडू नये. त्या आखणीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

बायाआजी जवळच्याच गावच्या. सारं आयुष्य भातशेतीत गेलेलं, पण आता लेकाचं नावही आठवत नसे. त्या सकाळी बागेत येताच त्यांनी चपला काढल्या आणि कठड्यापलीकडच्या मोकळ्या मातीत पाय ठेवला.

“आजी, घसराल. चपला घाला,” मी म्हणाले.

“मातीन चपला घालून कोन जातं, बाय? आमी नाय जात.”

कित्येक आठवड्यांनी त्या एवढं बोलल्या होत्या, हे सेविकेने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मी तिला खूण केली. तिने आजींना धरून मागे आणलं, पाय पुसले, चपला चढवल्या. आजी पुन्हा बागेत कधीच आल्या नाहीत.

महिन्याभराने मी अहवालात त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘बागकामात रस नाही.’